बी द्यावं, म्हणजे राहतं

परसबागेचा विषय निघाला की मैत्रिणी पहिला प्रश्न विचारतात तो जागेचा. "अहो, तुमचं बरंय, तुम्हाला गच्ची आहे. आम्ही दोन खोल्यांत कुठे लावायच्या भाज्या?" जागेचं हे रडगाणं आपल्या पुण्यात जुनंच आहे. पेठेतल्या वाड्यात राहणारीच्या तोंडीही ते होतं आणि आज बाराव्या मजल्यावर राहणारीच्या तोंडीही आहे. पण चाळीस वर्षं हा उद्योग केल्यावर तुम्हाला मनापासून सांगते, भाजीच्या बागेची खरी अडचण जागा नव्हे. रंगाच्या रिकाम्या डब्यात मिरची होते, गळक्या बादलीत टोमॅटो होतो आणि खिडकीच्या जाळीवर घेवडा मजेत चढतो. खरी अडचण असते बियाण्याची.

माती विकत मिळते, खत मिळतं, कुंडी तर हवी तेवढी महाग मिळते. पण आपल्याच हवेत, आपल्याच हातच्या पाण्यावर वर्षानुवर्षं वाढलेलं, चवीला पारखलेलं बी दुकानात मागून मिळत नाही. ते कुणीतरी राखावं लागतं. आणि नुसतं राखूनही भागत नाही बरं का! ते दुसऱ्याला द्यावं लागतं. हे दुसरं मला कळलं ते माझ्या सासूबाईंमुळे, आणि तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

मी लग्न होऊन 1982 साली नारायण पेठेतल्या वाड्यात आले. आम्ही बिऱ्हाडकरू. पण मागचं परस मालकांनी सासूबाईंच्या हवाली केलेलं. परस म्हणजे काय, तर दहा पावलं लांब आणि सहा पावलं रुंद जागा. न्हाणीचं सांडपाणी जायचं तिथे अळू आणि एक केळ, कोपऱ्यात कढीपत्ता, भिंतीला टेकवलेला काठ्यांचा मांडव आणि उरलेल्या जागेत ऋतूप्रमाणे काय काय. मंडई चालत दहा-पंधरा मिनिटांवर. 1886 साली बांधलेली ती अष्टकोनी इमारत, आत चढत्या फळ्यांवर रचलेल्या भाज्या, काही कमी नव्हतं. तरी सासूबाई म्हणायच्या, "मंडईतून भाजी आणावी गं, पण चव घरची असावी."

त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. पण बियाण्याचा हिशेब असा चोख की बँकेतल्या माणसाने मान खाली घालावी. भिंतीतल्या फडताळात औषधाच्या रिकाम्या बाटल्या ओळीने उभ्या. प्रत्येकीत बी, वर थोडी चाळलेली राख, बुचाला मेण आणि गळ्यात दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर भाजीचं नाव, सालं आणि त्याखाली माणसांची नावं. ही नावं कसली, ते मला पुष्कळ दिवस कळलं नव्हतं.

मृगाची पेरणी

आपल्याकडे भाजीचं वर्ष सुरू होतं ते मृग नक्षत्राला, म्हणजे सात-आठ जूनला. जुन्या बायका वेलांची आळी अक्षय्य तृतीयेलाच करून ठेवत. खड्डा खणायचा, त्यात पालापाचोळा, राख आणि शेणखत भरायचं आणि ते तापू द्यायचं. पहिला पाऊस जमिनीत मुरला की दोडका, कारलं, पडवळ, घोसाळं, दुधी, काकडी आणि लाल भोपळा यांचं बी टोचायचं. कारलं आणि दोडका यांची टरफलं कठीण, म्हणून बी रात्रभर भिजत घालावं. एका आळ्यात चार बिया टोचाव्यात आणि उगवल्यावर जोमदार दोनच रोपं ठेवावीत.

वेलभाज्यांचं बी राखायचं तर एक गोष्ट ध्यानात असू द्या. यांची लग्नं मधमाश्या आणि पतंग लावतात. शेजारणीचा जाडा दुधी आणि आपला लांबट दुधी जवळजवळ फुलले, तर त्या बियांतून पुढच्या वर्षी तिसरंच काही निघतं. दुधी आणि लाल भोपळ्याचा संकर मात्र होत नाही, ती घराणीच वेगळी. शुद्ध बी हवं असेल, तर फुलाशी बारीक फळ असलेलं मादीफूल उमलायच्या आत दोऱ्याने हलकेच बांधून ठेवावं, त्याच वाणाचं नरफूलही बांधावं आणि ती उमलायच्या वेळेला नराचे पराग मादीवर टेकवून मादीफूल पुन्हा बांधावं. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि भोपळ्याची पिवळी पहाटे. तेव्हा दुधीचं लग्न गोरज मुहूर्तावर आणि भोपळ्याचं चहाच्या आधी!

घेवड्याची तशी कटकट नाही. त्याचं बहुतेक फलन फुलाच्या आतच होतं, म्हणून बी बरंचसं आईसारखंच निघतं. मी म्हणते तो वेलाचा घेवडा, ज्याला काही घरांत वालपापडी म्हणतात. आमच्याकडचा जांभळ्या कडेचा होता. शेंग चपटी, बी काळं आणि त्यावर खडूने ओढावी तशी पांढरी रेघ. हा घेवडा सासूबाईंच्या माहेरचा, त्यांच्या आईने लग्नात ओटीत घातलेला. मूठभर बिया दिल्या आणि वर सांगितलं म्हणे, "दागिना मोडता येतो, हे मोडू नकोस."

पावसाळ्यातलेच दिवस. 12 जुलै 1961. पुण्यातल्या तुमच्या घरी कुणी वडीलधारं असेल तर ही तारीख त्यांना विचारा. पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याचंही धरण फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. सासूबाई चार वर्षांच्या मुलाला, म्हणजे आमच्या यांना, कडेवर घेऊन अंगावरच्या लुगड्यानिशी पळाल्या. परतल्या तेव्हा मागची भिंत पडलेली आणि परसात गुडघाभर चिखल. भांडी गेली, अंथरुणं गेली, फडताळासकट बाटल्या गेल्या. त्या पुराबद्दल त्या फारसं बोलत नसत. एवढंच म्हणायच्या, "भांडी पुन्हा घेतली, बी कुठून घेणार होते?"

पण आदल्या संक्रांतीला त्यांनी सदाशिव पेठेतल्या एका मैत्रिणीला मूठभर बी दिलेलं होतं. तिथवर पाणी पोचलं नव्हतं. गणपतीच्या सुमारास ती मैत्रीण पदराच्या गाठीला बी बांधून आली. पेरायला उशीर झाला होता, पण घेवड्याच्या जुन्या वाणांची एक गंमत असते. ते दिवस लहान होऊ लागले की मगच फुलतात. जूनमध्ये पेरा नाहीतर भाद्रपदात, फुलं धरायची ती थंडीच्या तोंडाशीच. म्हणून त्या वर्षीही संक्रांतीला पानात घेवडा होता. घर अजून सावरलं नव्हतं, दार नव्हतं तिथे गोणपाट होतं, पण घेवडा होता.

ऋषीची भाजी

गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, असा आपल्याकडे नेम आहे. म्हणजे नांगरटीचं धान्य नको. माणसाच्या हाताने लावलेलं, परसात वाढलेलं हवं. म्हणून ऋषीची भाजी. अळू, लाल माठ, माठाचे जाड देठ, भेंडी, दोडका, पडवळ, भोपळा, सुरण, मक्याची कणसं, चिंचेचा कोळ आणि हिरवी मिरची. मसाला नाही, फोडणीचा थाट नाही. नीट पाहिलंत तर हा परसबागेचा सणच आहे. आता आपण ती भाजी वाटे लावून ठेवलेल्या टोपलीतून विकत आणतो आणि नेम पाळल्याचं समाधान मानतो. पण त्यात एक मूठ माठ जरी आपल्या कुंडीतला असला, तरी त्या दिवसाला अर्थ येतो की नाही?

याच दिवसांत बागेला भर येतो आणि याच दिवसांत बियाण्याची निवड करावी लागते. सासूबाईंचा नियम असा की वेलावरचं सगळ्यांत देखणं फळ खायचं नाही. त्याला चिंधी बांधायची. चिंधी बांधलेल्या फळाला घरातल्या कुणीही हात लावायचा नाही, पाहुणा आला तरी! मला सुरुवातीला याचं नवल वाटायचं. आपण बायका उलटंच करतो ना? चांगलं ते शिजवतो आणि किडकं, वाकडं, उरलंसुरलं बियाला सोडतो. आणि मग दोन वर्षांनी म्हणतो, "हल्ली पूर्वीसारखी भाजी होत नाही बाई!" जे राखाल, तेच पुढच्या वर्षी खाल.

बी कधी पक्कं होतं, हे प्रत्येक भाजीचं निराळं आहे. दुधी वेलावरच वाळून लाकडासारखा झाला आणि हलवला की आत खुळखुळला म्हणजे तयार. काकडी पिवळी पडून मऊ व्हायला लागली की घ्यावी. वांगं खाण्याच्या अवस्थेत बियाला उपयोगाचं नाही, ते पार पिवळं होऊ द्यावं. भेंडी झाडावर वाळून तडकू लागली की काढावी. पिकलेल्या टोमॅटोचा गर फुलपात्रात थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस ठेवावा. वरचा बुळबुळीतपणा सुटला की बी तळाशी बसतं, ते धुऊन सावलीत वाळवावं. आणि शक्यतो एकाच झाडाचं नको, तीन-चार चांगल्या झाडांचं मिळून बी घ्यावं, म्हणजे वाण दुबळं पडत नाही.

जाता जाता स्वयंपाकघरातलीही एक सूचना. घरच्या वेलावरचा असो की बाजारातला, दुधी चिरल्यावर कच्ची फोड जिभेला लावून पाहा. कडू लागली तर ती थुंकून टाका आणि दुधी सरळ फेकून द्या. शिजवून कडूपणा जात नाही आणि कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्याची उदाहरणं आहेत. अशा फळाचं बीही राखू नये.

घटातली परीक्षा

नवरात्रात आपण घट बसवतो, त्याभोवती काळ्या मातीत धान्य पेरतो आणि नऊ दिवसांत ते कसं हिरवंगार उगवतं ते कौतुकाने पाहतो. देवीचं रूप तर ते आहेच, पण मला त्यात घरच्या बियाण्याची परीक्षाही दिसते. रब्बीची पेरणी तोंडावर असताना कोणतं बी उगवतं आणि कोणतं नाही, हे देवघरातच कळून येतं.

ही परीक्षा तुम्हीही कोणत्याही बियाण्याची घेऊ शकता. दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळा, फडकं ओलसर ठेवा आणि आठवड्याने उघडा. आठ-नऊ उगवल्या तर उत्तम. पाच-सहा उगवल्या तर जरा दाट पेरा. दोन-तीनच उगवल्या तर त्या रोपांना जपा आणि त्यांच्यापासून नवं बी धरा. कारण बीसुद्धा म्हातारं होतं. कांद्याचं बी वर्षभरात निकामी व्हायला लागतं, घेवड्याचं साधारण तीन वर्षं टिकतं आणि टोमॅटो-काकडीचं चार-पाच वर्षं. आपल्या दमट पावसाळ्यात बाटली सैल राहिली तर त्याहून कमी.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. 1996 साली आमचा वाडा पाडायला घेतला. नव्या इमारतीत फ्लॅट मिळणार होता, पण तोवर तीन पावसाळे भाड्याच्या तळमजल्यावर काढावे लागले. तिथे उन्हाची तिरीपसुद्धा येत नसे. सासूबाईंनी परसातला शेवटचा घेवडा उतरवून बी बाटलीत भरलं आणि ती बाटली स्वतःच्या पिशवीत घेतली, मजुरांच्या हाती दिली नाही. 1999 साली नव्या घरी आलो. गच्चीचा एक कोपरा मिळाला. त्यांनी दहा बिया ओल्या फडक्यात बांधल्या. आठ दिवसांनी फडकं उघडलं, तर एकही उगवली नव्हती. आणखी दहा बांधल्या. त्याही नाहीत. सगळी बाटली संपली.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मी समजूत घालत म्हटलं, "आई, मंडईतून दुसरं बी आणू." त्यांनी नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी बाटलीच्या गळ्यातली चिठ्ठी काढली आणि म्हणाल्या, "घे कागद. लिही." तेव्हा मला त्या नावांचा उलगडा झाला. त्या चिठ्ठीवर, ज्यांना ज्यांना त्यांनी घेवड्याचं बी दिलं होतं, त्यांची सालवार नावं होती. एकूण सात घरं.

मी त्या सातही घरांचा माग काढला. दोघी वारल्या होत्या. एकीचा बंगला जाऊन तिथे सहा मजली इमारत उभी होती. सदाशिव पेठेतल्या त्या मैत्रिणीचं कुटुंब पुणं सोडून गेलं होतं. एकीने मला आत बोलावून चहा दिला आणि हसून म्हणाली, "अहो, आता कोण लावतंय?" सहावीला तर असं काही बी घेतल्याची आठवणच नव्हती. उरलं एक नाव. वाड्यात आमच्या समोरच्या खोलीत राहणारं कुटुंब. पुरानंतर गोखलेनगरला पूरग्रस्तांसाठी वसाहत झाली, तिकडे ते राहायला गेले होते. सासूबाईंनी नव्या घरी जाताना त्यांच्या ओटीत बी घातलं होतं.

मी गेले तेव्हा त्या काकू सत्तरीच्या पुढच्या. मागच्या दारी पत्र्याच्या कुंपणावर घेवडा पसरलेला. शेंगेची कड जांभळी. मी न बोलता नुसती पाहत राहिले. काकूंनी वर्तमानपत्राच्या कागदात बी बांधून दिलं आणि म्हणाल्या, "हे तुमचंच आहे. आम्ही फक्त लावत राहिलो."

घरी येऊन मी पुडी सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी ताटलीत बिया मोजल्या. तेवीस निघाल्या. बारा त्यांनी माझ्यापुढे ठेवल्या आणि अकरा पुन्हा पुडीत बांधून म्हणाल्या, "या वरच्या मजल्यावरच्या वहिनींना नेऊन दे." मी म्हटलं, "आई, अजून आपलंच उगवलं नाही!" त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणूनच. आपलं नाही आलं, तर त्यांच्याकडून मागता येईल."

मैत्रिणींनो, पूर आला तेव्हा माणसं गावभर पांगली. त्या पांगण्याचं दुःख केवढं होतं, हे ज्यांनी भोगलं त्यांनाच ठाऊक. पण बी वाचलं ते माणसं पांगली म्हणूनच. एकाच फडताळात राहिलं असतं तर पहिल्यांदा पाण्याने गेलं असतं आणि दुसऱ्यांदा वयाने.

भोगी आणि वाण

दसरा-दिवाळीच्या सुमाराला पुण्याची हवा भाजीला सर्वांत मानवते. या दिवसांत मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा आणि चाकवत पेरावा. वांगी, टोमॅटो आणि मिरची यांची रोपं लावावीत. कोथिंबिरीसाठी धणे चपलेने हलके रगडून दोन फाकी करावे, अख्खे पेरू नयेत. मेथीला तर वीतभर खोलीचा खोकाही पुरतो. ढगाळ हवेत घेवड्याच्या कोंबांवर काळा मावा येतो. घाबरू नका. सकाळी पाण्याची जोरदार धार मारा, नंतर दवावर चाळलेली राख भुरभुरवा. लाल पाठीवर काळे ठिपके असलेले इवले भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नका, ते मावा खातात.

भोगीला, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी. घेवडा, पावटा, ओला हरभरा, गाजर, वांगं, शेंगदाणे आणि तिळाचं कूट. आणि मग संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. आपण वाण लुटतो. आता तुम्हीच सांगा, त्या वाणात काय असतं? प्लास्टिकच्या डब्या, चमचे, गाळण्या. प्रत्येकीच्या घरी त्यांचा ढीग झालेला. भाजीच्या जातीलाही आपल्या भाषेत वाणच म्हणतात, हा शब्द काही उगीच जुळलेला नसावा.

सासूबाई 2011 साली गेल्या. त्या वर्षानंतर मी संक्रांतीला घेवड्याच्या बियांची पुडी लुटायला लागले. पहिल्या वर्षी एकीने दुसरीच्या कानात "बचत केलीय" म्हटलेलं मी ऐकलं. तिसऱ्या वर्षी तीच बाई विचारायला आली, "यंदा माठाचं बी देणार का?"

हे काही माझ्या एकटीचं वेड नव्हे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे तुम्हाला ठाऊक असतील. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंनी वालाचे कितीतरी वाण आणि इतर भाज्यांचं देशी बियाणं आपल्या घरात राखलं आणि गावोगावच्या बायकांना वाटलं. आपल्या पुण्यातच मुख्यालय असलेल्या 'बायफ' या संस्थेची त्यांना साथ मिळाली. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, सगळे त्यांना बीजमाता म्हणतात. आणि गच्चीवर मूठभर मातीत काय होऊ शकतं, ते कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी आपल्या प्रयोग परिवारातून कितीतरी वर्षं लोकांना दाखवलं. म्हणजे शिकवणारे आहेत, आपण घ्यायला हवं.

दुकानातलं बी वाईट असं मी म्हणत नाही. मीही आणते. फक्त पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. 'संकरित' किंवा 'एफ-1' असेल तर भाजी भरपूर येईल, पण तिचं बी धरू नका. पुढच्या पिढीत एक झाड एक तऱ्हेचं, दुसरं दुसऱ्या तऱ्हेचं येतं. 'सुधारित' किंवा 'देशी' असेल तर बी धरता येतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' भेंडी अशीच सुधारित वाणाची.

उन्हाळ्याचे दिवस

माघ संपला की शेंगा वाळू लागतात. वेलावर कडकडीत वाळलेल्या शेंगा सकाळी दव सुकल्यावर तोडाव्यात, सोलून बी चार-पाच दिवस कोवळ्या उन्हात, एरवी सावलीत वाळवावं. दाताखाली धरलं तर खूण उमटू नये, इतकं वाळलं पाहिजे. मग कोरड्या बाटलीत, चाळलेल्या थंड राखेत भरावं, वर कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा आणि बाटली अंधाऱ्या, थंड जागी ठेवावी. गॅसच्या शेगडीवरचं फडताळ त्यासाठी मुळीच योग्य नाही.

चैत्र-वैशाखात बागेला फार काही मागू नये. भेंडी, गवार आणि थोडा पुदिना पुरे. कुंड्यांतल्या मातीवर वाळका पाला किंवा उसाचं पाचट पसरावं, म्हणजे पाणी उडून जात नाही. पाणी सकाळी लवकर द्यावं. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना घालावं, मिठाचं मात्र नको. गच्चीवर कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्यात, म्हणजे खाली ओल धरत नाही आणि खालच्या मजल्यावरून तक्रारही येत नाही. हे शेवटचं भाजीइतकंच महत्त्वाचं!

आणि बाटलीच्या गळ्यात चिठ्ठी बांधायला विसरू नका. वर भाजीचं नाव आणि साल. खाली, ज्यांना बी दिलं त्यांची नावं. निदान तीन घरं असावीत आणि ती एकाच गल्लीतली नसावीत. एक सासरच्या बाजूचं, एक माहेरच्या बाजूचं आणि एक अगदी परकं असलं तर फारच छान. लेकीला परगावी पाठवताना लाडू-चिवड्याबरोबर पुडी द्या. परदेशी असेल तर मात्र देऊ नका. बहुतेक देशांत परवानगीशिवाय बी नेता येत नाही.

माझ्या बाटलीवर सध्या एकोणीस नावं आहेत. त्यांतल्या निम्म्या जणींनी लावलं नसेल, असं धरून चालते. काहींचं वाळून गेलं असेल, काहींचं चिमण्यांनी खाल्लं असेल. चालायचंच. सासूबाईंच्या सात घरांपैकी एकानेच लावलं होतं आणि तेवढं पुरलं.

तेव्हा जागा नाही म्हणून अडून बसू नका. या मृगाला एक डबा, दोन मुठी माती आणि चार बिया एवढ्यावर सुरुवात करा. बी नसेल तर शेजारी मागा, सासरी मागा, माहेरी मागा. भाजीचं बी मागण्यात कमीपणा नाही. आणि तुमच्या वेलाला शेंगा लागल्या, की पहिल्या देखण्या शेंगेला चिंधी बांधा. ती कुणाची आहे ते तुम्हाला अजून ठाऊक नसेल, पण ती तुमची नाही, एवढं नक्की.